युद्धनौकेचं प्लास्टिक किट पारखायचं कसं: कटर उचलण्याआधीचे टप्पे

किट घरी आलं की पहिल्याच रात्री हलचे (जहाजाच्या धडाचे) दोन भाग चिकटवून टाकायचे, हा आपल्या छंदातला जुना रोग. मग आठवडाभराने मला फोटो येतो: "डेक बसत नाहीये, किट वाईट आहे का?" फोंड्याहून येतो, वास्कोहून येतो, डिचोलीहून येतो. किट वाईट असेलही, पण आता विचारून काय उपयोग? कापलेलं, चिकटवलेलं किट विक्रेता परत कशाला घेईल?

हे मी स्वतः भोगलंय. एका चवथीच्या सुटीत १/३५० ची (खऱ्या जहाजाच्या ३५० पट लहान) विनाशिका मोठ्या हौसेने उघडली, हल चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी कळलं की डेकचा मागचा तुकडा पेटीत आलेलाच नाही. विक्रेत्याने विचारलं, "न कापलेल्या फ्रेमचे फोटो आहेत?" (फ्रेम म्हणजे भाग जिला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट.) नव्हते. विषय संपला.

खालचे टप्पे फक्त पारखण्याचे आहेत. बांधणी आणि रंगकाम यात नाही. उदाहरणं १/३५० आणि १/७०० या मापांची घेतली आहेत, कारण बाजारात जास्त किटं याच दोन मापांत मिळतात. जुन्या १/६०० आणि १/४०० च्या किटांनाही हाच क्रम चालतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. "किट चांगलं आहे" या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात: ओतकाम कसं आहे, जहाजाची मापं बरोबर आहेत का, आणि भाग एकमेकांत बसतात का. ओतकाम आरशासारखं असूनही जहाज दोन सेंटिमीटर आखूड निघू शकतं. उलट, पन्नास वर्षांपूर्वीच्या झिजलेल्या साच्यातून आलेला ओबडधोबड हल मापाला तंतोतंत असू शकतो. म्हणून वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक दोष त्याच्या रकान्यातच लिहा.

तयारी: टेबलावर काय हवं

एक मीटरची स्टीलची पट्टी (हार्डवेअरच्या दुकानात मिळते), डिजिटल व्हर्नियर, भिंग, टॉर्च, मास्किंग टेप, रबरबँड आणि खिडकीच्या काचेचा एक सपाट तुकडा. काचेच्या कडांना टेप लावा. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी १/७०० च्या लहान बोटींना पुरते. पण १/३५० चा हल तिने तीनदा सरकवून मोजलात तर एक-दोन मिलीमीटर हमखास हुकतात आणि दोष किटच्या माथी बसतो.

पार्सल उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. एप्रिलमध्ये पणजीत गाडी तासभर उन्हात राहिली की आतला लांबलचक हल वाकायला तेवढं पुरतं. मग तो कारखान्यातूनच वाकडा आला की तुमच्यामुळे झाला, हे ठरवता येत नाही.

टप्पा १: पेटी उघडण्याआधी, जहाज कोणत्या सालचं ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

युद्धनौका आयुष्यभर एका रूपात राहत नाही. गोदीत जाते, तोफा बदलतात, मास्ट (डोलकाठी) बदलतो, रडार चढतात. जपानच्या यामातोवर सुरुवातीला १५५ मिमीच्या तीन-तीन नळ्यांचे चार बुरूज (तोफा बसवलेले फिरते घुमट) होते. १९४४ मध्ये दोन्ही बाजूंचे बुरूज काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. किट १९४५ चं असेल आणि तुम्ही १९४१ च्या फोटोशी ताडून "दोन बुरूज गायब" असं लिहिलंत, तर चूक तुमची.

लंडनमध्ये थेम्सवर उभ्या असलेल्या बेलफास्टचंही तेच. आज दिसते ती १९५० च्या दशकाच्या शेवटी आधुनिक केलेली बोट आहे, तिचे जाळीदार मास्ट त्या कामातले. दुसऱ्या महायुद्धातल्या बेलफास्टचं किट आजच्या पर्यटकांच्या फोटोंवरून तपासणं व्यर्थ.

गोव्यात हमखास विचारली जाते ती जुनी विमानवाहू नौका विक्रांत, १९६१ मध्ये नौदलात आलेली. १९७१ च्या विक्रांतचा डेक पुढे सपाट होता. सी हॅरियर विमानांच्या उड्डाणासाठीचा चढता उतार १९८० च्या दशकात बसवला. विक्रांत ज्या वर्गातली, त्या ब्रिटिश मॅजेस्टिक वर्गाच्या किटवरून विक्रांत करायला निघालेल्यांनी आधी साल ठरवावं, मग उतार हवा की नको ते बघावं. बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही विमानं उभी आहेत. विमानवाहू नौकेचं किट घेण्याआधी तिथे एक चक्कर मारा, डेकवरची इवली विमानं तपासताना ते डोळ्यांपुढचं रूप कामी येतं.

साल ठरलं की मापं काढा. खरी लांबी मीटरमध्ये घ्या, १००० ने गुणा, मापाच्या आकड्याने भागा. जर्मन युद्धनौका बिस्मार्कची एकूण लांबी २५१ मीटर, रुंदी ३६ मीटर. १/३५० मध्ये लांबी ७१७ मिमी आणि रुंदी १०३ मिमी यायला हवी. १/७०० मध्ये ३५९ आणि ५१.

सावधान: एकूण लांबी आणि पाणरेषेवरची (पाण्याच्या पातळीवरची) लांबी हे दोन वेगळे आकडे आहेत. अमेरिकी फ्लेचर वर्गाची विनाशिका एकूण ११४.८ मीटर आहे, पाणरेषेवर ११२.५ मीटर. १/३५० मध्ये हा फरक सहा-साडेसहा मिलीमीटरचा होतो. आंतरजालावरून एक आकडा उचलून दुसऱ्या जागी मोजणारे कमी नाहीत. दोन्ही आकडे लिहून ठेवा, शेजारी कुठला कोणता तेही लिहा.

आणखी एक: पेटीवर छापलेलं साल म्हणजे साच्याचं साल नव्हे. जुनाच साचा नव्या चित्राच्या पेटीत, कधी दुसऱ्याच कंपनीच्या नावाने विकला जातो. स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटची वंशावळ बघायला मिळते. पाच मिनिटांचं काम आहे.

टप्पा २: उघडा, मोजा, फोटो काढा

पेटी उघडताना व्हिडिओ काढा, पुढे वाद झाला तर तोच पुरावा. सूचनापत्रकात सगळ्या फ्रेमचा नकाशा असतो. त्यावरून एकेक फ्रेम मोजा. एकसारख्या तोफांच्या फ्रेम दोन-दोन, चार-चार असतात आणि नेमकी त्यातलीच एक कमी निघते. पिशवीच्या तळाशी सुटून पडलेले भाग त्याच फ्रेमबरोबर छोट्या डबीत ठेवा.

इथे लोक लगेच फ्रेम साबणाने धुवायला घेतात. धुणं गरजेचं आहे, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही, पण किट ठेवायचं ठरल्यावर. मोजणीआधी धुतलंत तर मोरीच्या जाळीतून गेलेला भाग मुळात आला होता की नाही, हे कधीच कळणार नाही.

टप्पा ३: ओतकाम तपासा

ट्यूबलाइट बंद करा. टॉर्च टेबलालगत आडवी धरा, म्हणजे प्रकाश भागावरून सरपटत जाईल. वरून पडणाऱ्या उजेडात गुळगुळीत वाटणारा हल या उजेडात सगळं सांगून टाकतो. काय शोधायचं:

फ्लॅश, म्हणजे भागाच्या कडेला आलेला पातळ पापुद्रा. साचा झिजला की येतो. हलच्या कडेवर असेल तर दोन मिनिटांत खरवडून जातो, त्याचं दुःख करू नका. क्रेनच्या जाळीत किंवा मास्टवर असेल तर मात्र भागच जातो.

खळगे. जाड भागाच्या मागे प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि पुढच्या बाजूला उथळ खड्डा पडतो. बुरुजाच्या छपरावर आणि हलच्या आतल्या आधाराच्या बरोबर बाहेर बघा. सपाट जागी पुटीने (भरायच्या लेपाने) भरतो. फळ्यांच्या रेघा असलेल्या डेकवर भरला तर रेघाही जातात.

पिनांचे गोल ठसे. भाग साच्यातून ढकलून काढणाऱ्या पिनांचे हे ठसे डेकच्या खालच्या बाजूला असले तर दुर्लक्ष करा. ब्रिजच्या (जहाज चालवायच्या कक्षाच्या) दर्शनी भिंतीवर असतील तर वहीत नोंद करा.

अपुरा भराव. प्लास्टिक टोकापर्यंत पोचलंच नाही, म्हणून तोफेची नळी आखूड. ही चूक फसवी असते, कारण टोक गोल आणि नीटनेटकं दिसतं. एकाच फ्रेमवरच्या सारख्या नळ्या शेजारी-शेजारी बघा, आखूड लगेच उठून दिसेल.

साचा सरकणं हा माझ्या मते सगळ्यात वाईट दोष. साच्याचे दोन अर्धे नीट जुळले नाहीत की गोल नळीला मधोमध पायरी पडते. एखाद्या भागाला असेल तर घासता येते. चाळीस छोट्या तोफांना असेल तर घासणार कोण?

टप्पा ४: सरळपणा, काचेवर

पाणरेषेवर कापलेला (पाण्याखालचा भाग नसलेला) हल थेट काचेवर ठेवा आणि साधा झेरॉक्सचा कागद खालून सरकवून बघा. तो कागद सुमारे ०.१ मिलीमीटर जाड असतो. कुठे सहज आत गेला तर तेवढी उचल आहे, ती चालते. कागदाच्या पाच-सहा घड्या जात असतील तर बोट काचेवर डुलणार, समुद्राचा देखावा करताना ते नडेल.

पूर्ण हल असेल तर उलटा धरून, एक डोळा मिटून, नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) मागे बघा, सुतार फळी बघतो तसं. मधली रेघ केळ्यासारखी वळलीय का? की पुढचा भाग डावीकडे आणि मागचा उजवीकडे पिळलाय? वाक आणि पीळ यातला फरक ओळखा. वाक गरम पाण्याने बराचसा निघतो. पिळलेला, एकसंध ओतलेला हल सरळ करायला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा हरलो.

सावधान: या टप्प्यावर गरम पाण्याचा प्रयोग करू नका. एकदा पाण्यात घातलंत की परत पाठवण्याचा हक्क गेला. पुढे कराल तेव्हाही पाणी हाताला चटका देईल इतपतच, उकळतं नको. आकार धरून ठेवायचा आणि तसाच गार पाण्यात न्यायचा.

टप्पा ५: मापं घ्या

आता टप्पा १ चे आकडे काढा. लांबी मोजताना नाळेच्या वरच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, काचेवर दोन बाजूंना दोन चौकोनी ठोकळे उभे करून मोजा. पट्टी हलच्या वळणावरून नेली तर आकडा वाढतो.

किती फरक चालवून घ्यायचा? माझा हिशेब असा: एक टक्क्यापर्यंत मी बोलत नाही. दोन टक्के झाले की वहीत लाल शाईने लिहितो. रुंदीत मात्र मी जास्त कडक आहे, कारण लांबीतली तीन मिलीमीटरची तूट डोळ्याला दिसत नाही, पण सडपातळ विनाशिका तीन मिलीमीटर रुंद झाली की लगेच मालवाहू बोटीसारखी दिसते.

लांबी-रुंदी बरोबर आली म्हणजे आकार बरोबर आला असं नाही. नाळ वरून बघा. १/७०० मध्ये नाळेची धार एक मिलीमीटर जाड असेल तर खऱ्या जहाजावर ती ७० सेंटिमीटर झाली, म्हणजे पाणी कापणारी नाळ नव्हे, भिंत. घासून बारीक करता येते, पण आत तेवढं प्लास्टिक आहे का ते बघा.

मग हलच्या पत्र्यांचे सांधे. उठावदार सांधे आणि रिव्हेट बघून लोक खूश होतात, "काय डिटेल आहे!" व्हर्नियरने उंची मोजा. १/३५० वर ०.२ मिमी उठाव म्हणजे प्रत्यक्षात ७० मिलीमीटरची पायरी. इतकी जाड पायरी कुठल्याही गोदीने ठेवली नसती. असे सांधे घासून जवळजवळ नाहीसे करावे लागतात. ते डिटेल नव्हे, जास्तीचं काम आहे.

माणसाच्या उंचीने पटकन पडताळा करायची माझी सवय आहे. १७० सेंटिमीटरचा खलाशी १/३५० वर साधारण ४.९ मिमी, १/७०० वर २.४ मिमी. या उंचीचा टेपचा तुकडा कापून ब्रिजच्या दाराशेजारी चिकटवा. दार त्याच्या कमरेपर्यंत येत असेल किंवा कठडा डोक्यावरून जात असेल तर बाकी काही मोजायची गरज उरत नाही. विमानांनाही तेच: सी हॅरियर १४.५ मीटर लांब, म्हणजे १/३५० वर सुमारे ४१ मिमी.

टप्पा ६: पहिला काप आणि सुकी जोडणी

पाचही टप्पे पार झाले, फोटो निघाले, तरच कटर उचला. आणि फक्त हल आणि डेक कापा. बऱ्याच मोठ्या किटांत हल सुटाच येतो, मग तेवढंही लागत नाही. काप भागापासून थोडा दूर घ्या, उरलेला खुंट नंतर काढा. भागाला घासून कापलंत तर पांढरा व्रण पडतो किंवा लचका निघतो, आणि मग "फट आहे" म्हणून ओरड.

हलचे अर्धे रबरबँडने बांधा, डेक टेपने बसवा. गोंद नाही. डेक दाबून बसवू नका, नुसता ठेवा. बोट काढल्यावर कुठे उचलतो ते बघायचंय.

फट शोधण्याची माझी आवडती युक्ती अपघाताने सापडली. जुलैमधली रात्र, बाहेर पाऊस कोसळत होता आणि वीज गेली. टेबलावर टेपने बांधलेला हल होता. पडलेला स्क्रू शोधायला मोबाईलचा टॉर्च लावला आणि फोन नेमका हलच्या उघड्या बुडाखाली राहिला. काळोखात डेकच्या कडेने एक पिवळी रेघ पेटली: उजव्या बाजूला केसाएवढी, डावीकडे मधल्या बुरुजाजवळ चांगली नखाएवढी रुंद. दिवसा तीच जोड मी दोनदा बघून "छान" लिहिलं होतं. तेव्हापासून खोली अंधारी केल्याशिवाय मी जोडीला शेरा देत नाही.

तपासणी: फट दिसली की डेक काढून पुन्हा बसवा. जागा बदलली तर बसवण्याची चूक. त्याच जागी राहिली तर किटची.

डेक दोन-तीन तुकड्यांत असेल तर तुकड्यांमधला आडवा सांधा कुठे येतो ते बघा. लाटा फोडणाऱ्या आडव्या भिंतीखाली किंवा बुरुजाखाली लपला तर रचणाऱ्याने विचार केलाय. उघड्या फळ्यांच्या मधोमध आला तर पुटी भरून फळ्यांच्या रेघा पुन्हा कोराव्या लागतील.

टप्पा ७: बारीक भाग, पण मोह आवरून

लोक सुरुवातच इथून करतात, म्हणून मी हा टप्पा मागे ढकललाय. तोफा, रडार, होड्या बदलता येतात. पितळी नळ्या आणि थ्रीडी छापील भाग बाजारात मिळतात. हल बदलून मिळत नाही.

मुख्य तोफांची तोंडं पोकळ आहेत का? बिस्मार्कच्या ३८ सेंटिमीटर तोफेचं भोक १/३५० वर जेमतेम १.१ मिमी होतं, तेवढं हाताच्या ड्रिलनेही पाडता येतं. २० मिमीच्या तोफा प्लास्टिकमध्ये जाड्याच येणार, खऱ्या मापात ओतल्या तर केसाइतक्या बारीक होतील. त्याबद्दल किटचे गुण कापू नका.

चिमणीचं तोंड भरीव आहे की पोकळ ते बघा. शिड्या बघा: काही किटांत त्या देवळाच्या पायऱ्यांसारख्या भरीव ओतलेल्या असतात, त्या तासून पितळी लावाव्या लागतात. क्रेन आणि रडारची जाळी भरीव असेल तर तोच प्रकार. नांगराची साखळी डेकवरच ओतलेली असेल तर १/७०० मध्ये चालवून घ्या.

टप्पा ८: पत्रे, डिकॅल, सूचनापत्रक

पितळी फोटो-एच पत्रा (रसायनाने कोरलेल्या बारीक भागांचा) वाकलेला नाही ना, काठाचे भाग सुटलेले नाहीत ना, एवढंच बघा. घडीच्या रेघा अर्ध्या खोलीपर्यंत कोरलेल्या असायला हव्यात.

डिकॅलला (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांना) मात्र आपल्या हवेत जास्त वेळ द्या. जून ते सप्टेंबर पेटी बंद राहिली की डिकॅलचा कागद वरच्या कागदाला चिकटतो. ध्वजात पांढऱ्यावर लाल रंग सरकलाय का ते भिंगाने बघा. चाचणी करायचीच असेल तर कंपनीच्या नावाची नको असलेली पट्टी कापून पाण्यात टाका. ती तुकडे होऊन सुटली तर बाकीच्यांवर आधी पारदर्शक लॅकरचा हात द्यावा लागेल. पिवळे पडलेले डिकॅल खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात काही दिवस ठेवले तर बरेच उजळतात, म्हणजे आपल्याकडे ते काम पावसाळा संपेपर्यंत थांबणार.

सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचा. दोन पर्याय दिलेत तिथे सालानुसार कोणती भोकं पाडायची हे लिहिलेलं असतं, आणि ती हल बंद होण्याआधी आतून पाडायची असतात.

निकाल लिहिताना

तीन रकान्यांची सरासरी काढू नका. प्रत्येक दोषापुढे फक्त लिहा: बदलता येतो, दुरुस्त होतो, होत नाही. "होत नाही" मध्ये हलचा आकार, पीळ किंवा दोन टक्क्यांहून मोठी रुंदीची चूक आली तर बाकी भाग कितीही देखणे असोत, मी किट ठेवत नाही. उलट सगळ्या तोफा टाकाऊ, शिड्या भरीव, पण हल मापाला आणि सरळ, असं स्वस्तातलं किट मी डोळे मिटून घेतो.

परत पाठवायचं ठरलं तर फोटो तीनच पुरतात: न कापलेल्या फ्रेमचा, दोषाचा, आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवून घेतलेला मापाचा. पट्टीवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून काढा आणि फोटो पाठवल्यावर उत्तर येईपर्यंत पेटी, आतला पुठ्ठा आणि पिशव्या टाकू नका.